जंजिऱ्याची बिस्किटं

भागुबाईने चिमट्याने शेवटचा निखारा पातेल्याच्या झाकणावर ठेवला आणि हात मागे घेता घेता उजवं मनगट दाबून धरलं. मनगट गेल्या वर्षापासून दुखत होतं, पण तसं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. खाली चुलीत करवंट्यांचा विस्तव होता, वर झाकणावर निखारे, आणि मधे, पातेल्यातल्या वाळूवर, पितळेची थाळी. थाळीत बिस्किटं भाजत होती. तिची सून केसर शेजारी उकिडवी बसून झाकणाकडे टक लावून बघत होती.

"झाकण काढून बघू काय, आय?" तिने विचारलं.

"डोळ्यांनी न्हाय बघायचं. नाकानं बघ. वास गोड हाय तवर कच्ची. शिंक आली का उतरव."

केसरने नाक पुढे केलं. आधी तापलेल्या काकवीचा वास आला, दाट आणि थोडा करपल्यासारखा. मग त्याच्या मागून सुंठ आली आणि सरळ डोक्यात गेली. केसरला लागोपाठ शिंका आल्या. भागुबाईने निखारे बाजूला ओढले, झाकण उचललं आणि बिस्किटं जशी हवी होती तशीच तयार होती. तपकिरी, वरून किंचित भेगाळलेली, कडेला शिंपल्याने दाबलेल्या खाचा. तव्यावरची भाकरी सतरा वेळा उलटून बघणाऱ्या केसरला त्या क्षणी सासूपुढे हात जोडावेसे वाटले.

दिघीच्या कोळीवाड्यात यांना जंजिऱ्याची बिस्किटं म्हणत आणि ती या एकाच घरात होत. केसरचा नवरा चंदर, त्याचा आजा तुकाराम तरुणपणी मुंबईला जाऊन आगबोटीवर खलाशी झाला होता. तिथल्या गोऱ्या स्वयंपाक्याने त्याला ही बिस्किटं शिकवली आणि नाव विचारल्यावर 'जंजिरा' म्हणून सांगितलं. सात समुद्रांपलीकडच्या माणसाने आपल्या दारासमोरच्या किल्ल्याचं नाव खाऊला द्यावं, याने तुकारामाची छाती जी फुगली ती मरेपर्यंत खाली आली नाही. पुढे तो नोकरी सोडून घरी आला, होडी बांधली, तिचा म्होरक्या म्हणजे तांडेल झाला आणि बिस्किटांना त्याने एक रीत घालून दिली. होडी खोल पाण्यात निघायची त्या दिवशी तांडेलाच्या घरची बाई बिस्किटं घेऊन किनाऱ्यावर येणार. पहिलं बिस्कीट तांडेलाने सगळ्यांदेखत खायचं, मग होडीवरच्या प्रत्येकाने एकेक. उरलेली डब्यात घालून डबा तांडेलाच्या पायाशी, सुकाणूजवळ. त्यातलं त्याने हवं तेव्हा हवं तेवढं खावं, तो त्याचा मान. जंजिरा कधी पडला नाही, तसा ही बिस्किटं खाणारा दर्यावर पडत नाही, असं म्हातारेकोतारे सांगत. तिकडे नबाबाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती. बिस्किटांचा मान मात्र होता तिथेच होता.

केसर वैशाखात लग्न होऊन या घरात आली. ती मांदाडकडची, खाडीच्या आतल्या अंगाची. तिच्या बापाची होडी इतकी लहान की तिला होडी म्हणताना समुद्रावरच्या कोळ्यांना हसू येई. खाडीचं पाणी भरतीला चढतं, ओहोटीला उतरतं, बाकी ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. सासरी तिला 'खाडीची' म्हणत. त्यात पहिल्याच आठवड्यात भागुबाईने बिस्किटांसाठी "सोडा दे" म्हटलं आणि हिने वाळवलेल्या कोळंबीचे सोडे ठेवलेला डबा पुढे केला. ही बातमी कोळीवाड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचायला, डबा जागेवर परत ठेवायला लागतो, तेवढाही वेळ लागला नाही. "काय गो केसर, बिस्किटांत सोडे घालतेस का बोंबील?" ही चेष्टा पावसाळाभर चालू होती. केसर हसण्यावारी नेई, पण ते तिला लागत होतं. या घराची म्हणून कुणीतरी आपल्याला ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

तिच्याकडेही एक गंमत होती. लग्नाला तिचा बुधाजीमामा मुंबईहून आला होता. तो तिकडे एका बेकरीत भट्टीवर कामाला. येताना त्याला बोट लागली होती, म्हणून तो आल्याचा तुकडा चघळत मांडवात बसला होता. त्याच्या हातावर जंजिऱ्याचं बिस्कीट पडलं. त्याने ते खाल्लं आणि भाचीच्या कानाशी लागला. ही तर जिंजर बिस्किटं, मुंबईत साहेब लोक चहाबरोबर खातात, आणि जिंजर म्हणजे आलं, असं त्याने तिला सांगितलं. म्हाताऱ्याने जिंजरचा जंजिरा केला, दुसरं काय. केसरला इतकं हसू आलं की ते पदरात दाबावं लागलं. नवी नवरी लाजली असं समजून बायका खूश झाल्या.

ती हे कुणाला बोलली नाही. तेवढी अक्कल तिला होती. पण मनाशी तिने हिशेब मांडून ठेवला की हा एवढा थाट शेवटी आल्याचा.

नारळीपौर्णिमेची ती, मोसमातली पहिली, बिस्किटं डब्यात भरून झाल्यावर भागुबाईने पातेल्यातली वाळू गार व्हायला पसरली आणि सहज सांगावं तसं सांगितलं की पुढच्या खेपेपासून हे तू करायचंस. केसरला क्षणभर ऐकल्याचं खरं वाटेना. मग तिने माप विचारलं. काकवी किती, पीठ किती, तूप किती, सोडा किती, ते भागुबाईने वाटीने सांगितलं. सुंठ मात्र मुठीने होती.

"कुनाच्या मुठीनं?" केसरने विचारलं.

"घालशील तसं कळंल," भागुबाई म्हणाली आणि उठून गेली.

भाद्रपद उजाडला. गौरी-गणपती पाण्यात गेले आणि होड्या लांबच्या खेपेला लागल्या. पाऊस ओसरला होता, पण समुद्र अजून रागात होता. अशात खेपेच्या ऐन तोंडावर भागुबाई भरडखोलला मुलीकडे जायला निघाली. नलूला दिवस गेले होते, तिला बघून येते म्हणाली. केसरला मनातून बरंच वाटलं. तिला बिस्किटांत थोडा फेरफार करायचा होता, आणि त्यासाठी सासूशी वाद घालावा लागला असता. आता ती वेळच येणार नव्हती. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं झालं, आणि इथे तर प्रश्नच सुंठीचा होता.

तिचं म्हणणं साधं होतं. त्या सुंठीपायी बिस्कीट तोंडात टाकलं की माणसाचे डोळे भरून यायचे. पोरं ते हातात घेऊन पळायची आणि कुत्र्याला घालायची. खलाशीसुद्धा रीत म्हणून गिळायचे. एवढी चांगली काकवी, एवढी चांगली भाजणी, आणि सगळ्यावर त्या एका सुंठीची दादागिरी. केसरने सुंठ चिमटीवर आणली. ओलं खोबरं किसून, परतून घातलं, वेलची घातली. पीठ मळताना तिचा हात हलका होता, आणि ते तिला आईकडून मिळालं होतं. वाळू तापवली, थाळी ठेवली, निखारे वरखाली केले. आता शिंक येण्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा ती अंदाजाने उतरवावी लागली. तिचा अंदाज बरोबर आला.

किनाऱ्यावर चंदरने पहिलं बिस्कीट तोंडात टाकलं. चावता चावता तो जरा थांबला, बायकोकडे बघितलं आणि चांगली झाली आहेत म्हणाला. मग खलाशांनी खाल्ली आणि प्रत्येकाने आणखी एक मागितलं, जे आजवर कधी घडलं नव्हतं. शेजारच्या ठमाबाईने तीन खाल्ली. तोंड भरलेलं असतानाच तिने जाहीर केलं की खाडीची असली तरी पोरीच्या हाताला चव आहे. केसर घरी परतली तेव्हा तिचे पाय वाळूला लागत नव्हते.

चार दिवसांची खेप होती. दुसऱ्याच दिवशी, उन्हं कलायच्या आत, होडी परत आली.

टोपल्या जवळजवळ रिकाम्या होत्या. सगळ्यांत आधी सदा उतरला. होडीवरचा सगळ्यात जुना खलाशी, चंदरच्या बापाबरोबर, हरेश्वर तांडेलाबरोबर, उभा जन्म काढलेला. कुणी विचारायच्या आत तो मोठ्याने म्हणाला की जाळं फाटलं, खडकाला लागलं, करणार काय. त्याच्या मागून चंदर उतरला. चेहरा राखेसारखा, ओठ सुकलेले. पाणी गुडघ्याएवढंच होतं, तरी त्याने होडीची कड सोडली नाही. दोघे खलाशी त्याच्या दोन बाजूंनी असे चालत होते की जणू तिघे सहज गप्पा मारत चाललेत.

जाळं दांड्यांवर पसरलं गेलं. केसर पाण्याला जाताना तिकडून गेली आणि तिला सदा दिसला. तो जाळ्याच्या पलीकडे एकटाच बसला होता. कमरेची सुरी काढून तो जाळ्याच्या विणीचे चांगले घट्ट डोळे एक एक करून कापत होता. पुरेसं मोठं भोक पडल्यावर त्याने सुरी म्यान केली, विणायची सुई घेतली, जाळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं पुढे ओढलं आणि फाटलेलं जाळं सांधायला बसला. केसर कळशी घेऊन तशीच माघारी वळली.

घरात चंदर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिने भात आणला, त्याने मानेनेच नको म्हटलं. त्याचं धोतर तिने धुवायला घेतलं आणि तो ओकत आलाय हे तिला वासाने कळलं. तरी ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि काय झालं म्हणून तिने विचारलं.

"गोड झालेली बिस्किटं," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "सुंठ कमी होती."

बुधाजीमामा मांडवात आलं चघळत बसला होता, आणि का चघळत होता, हे केसरला आता आठवलं. तिच्या हातातलं ओलं धोतर मांडीवर गळत राहिलं.

तांडेलाला बोट लागत होती. कोळ्याच्या पोराला, ज्याच्या शब्दावर सहा माणसं अंधाऱ्या पाण्यात जाळं टाकायची, त्याला होडी नांगरावर डुलायला लागली की पोटात कालवायचं. हे बाहेर फुटतं तर कोळीवाडा पोट धरून हसला असता, आणि हसून झाल्यावर त्या होडीवर कुणी पाय ठेवला नसता. शिंप्याला सुईची भीती वाटली तर चालतं, तो घरात बसून दुसरं काही करतो. कोळ्याने कुठे जावं. चंदरची होडी, त्याचा तांडेलपणा, बापामागे टिकवलेलं नाव, सगळं एका पायाशी ठेवलेल्या डब्यावर उभं होतं. आणि त्या डब्यात केसरने खोबरं आणि वेलची भरून दिली होती.

पहिल्यांदा तिला स्वतःची लाज वाटली, एवढी की चुलीपाशी जाऊन ती तोंडात पदर कोंबून रडली. मग हळूहळू दुसरं काही वाटायला लागलं. भित्र्या माणसाने घरी बसणं सोपं. ज्याला समुद्र मानवतो त्याने समुद्रावर जाणंही सोपं. पण ज्याच्या आतड्याला प्रत्येक लाट पीळ घालते, तो माणूस लहानपणापासून दर खेपेला उठतो, होडी पाण्यात लोटतो, सुकाणूवर बसतो आणि माणसं आणि मासे घेऊन परत येतो. इतके महिने ती त्याच्या शेजारी झोपत होती आणि असल्या माणसाशी आपलं लग्न झालंय हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला त्याचा फार अभिमान वाटला. त्याला तसं सांगायची मात्र सोय नव्हती, कारण सांगायचं तर आधी ते उघडं करावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर ठमाबाईने विषय काढला. रीत मोडली की असंच होतं, तिने सुरू केलं. जंजिऱ्यात खोबरं घातलं, जंजिरा बाटला. कालपर्यंत पोरीच्या हाताला चव होती, आज पोरीचा पायगुण वाईट होता. बाकीच्या बायका केसरच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ती काय म्हणते याची सगळ्यांना उत्सुकता होती.

एक शब्द बोलली असती तर केसर सुटली असती. खोबऱ्याचा दोष नाही, रोग दुसराच आहे, एवढंच म्हणायचं होतं. तिने दोर आवरला, कळशी कमरेवर घेतली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मला शिकवलेलं हुतं तसं मी केलं न्हाय. जाळं त्यापायीच फाटलं."

त्याच दुपारी ती चालत बोर्लीच्या बाजारात गेली आणि सुंठ घेऊन आली. वाण्याने एवढी सुंठ कशाला, कुणी बाळंत झालंय का विचारलं, तर तिने व्हय म्हणून सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता हे सासूलाही कळू द्यायचं नाही असं तिने ठरवलं. त्या बिचारीने मुलाला तांडेल म्हणून वाढवलं, तिच्या कानावर हे कशाला घालायचं. पुढची खेप दोन दिवसांवर होती आणि सासू चार दिवस येणार नव्हती.

सासू दुसऱ्या सकाळीच आली. केसर खलबत्त्यात सुंठ कुटत होती, पदर नाकाला बांधला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भागुबाई दारात उभी राहिली. तिने बोचकं खाली ठेवलं, पाय धुतले, आत येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मग ती खलबत्त्यासमोर बसली. केसरने तिच्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली की गेल्या खेपेची जरा बिघडली, लोकांना तिखटच आवडतात, म्हणून या खेपेला सुंठ थोडी वाढवतेय, आणि बाकी सगळं ठीक आहे, जाळं तेवढं फाटलं होतं, ते सदाने सांधलं.

भागुबाईने सगळं ऐकून घेतलं. कुटलेली सुंठ तिने बोटांच्या पेरांवर घेऊन चोळून बघितली. मग दुखऱ्या हाताने पिशवीतून आणखी एक भरगच्च मूठ काढली आणि खलात टाकली.

"चंदरला एवढी लागते," ती म्हणाली. "त्याच्या बापसाला ह्याच्या दुप्पट लागायची."

केसरचा बत्ता हातातच राहिला. हरेश्वर तांडेलाचं नाव ती या घरात पाऊल टाकल्यापासून ऐकत आली होती. तुफानात माणसं वाचवलेला, समुद्राने ज्याच्यापुढे मान तुकवली तो हरेश्वर. त्याच्या नावाने अजून लोक नारळ फोडत.

"त्यांनाबी?"

"त्यांनाबी. आन म्हाताऱ्यालाबी. गोऱ्याला काय हौस हुती व्हय शिकवायची? रोज ओकनारा खलाशी बघवला न्हाय त्याला." भागुबाईने पिशवीचं तोंड बांधलं. "माझा मालक तांडेल म्हनूनच गेला. खांद्यावर उचलून नेला लोकांनी."

तिने हे अगदी शांतपणे सांगितलं. या बाईने एवढी वर्षं, मनगट निकामी होईपर्यंत, दोन पुरुषांना समुद्रावर उभं ठेवलं होतं आणि त्याचं श्रेय किल्ल्याला देऊन टाकलं होतं.

"मग मला आधी सांगितलं का न्हाय, आय?" केसरच्या तोंडून गेलं. रागाने नव्हे, पण गेलं.

"आयशीच्या तोंडानं लेकाचं असं सांगवतं काय?" भागुबाई म्हणाली. "आन सांगून तू झाकलंस, तर ते माझ्या धाकानं झाकलंस. ते किती दिस टिकनार? ठमाबायनं मघा वाटेतच गाठलं मला. तू हिरीवर काय बोल्लीस ते समदं सांगितलंन."

केसर खाली बघत राहिली. सुंठीने की कशाने, तिचे डोळे पुन्हा भरले.

"मीबी पहिल्या साली सुंठ कमी घातली हुती," भागुबाई म्हणाली. "तीळ घातलेले. लोकांनी बोटं चाटली. सासू माझी तवा अशीच उठून पावन्यांकडं गेली हुती."

केसरने मान वर केली. भागुबाई तिच्याकडे बघत नव्हती. ती खल स्वतःकडे ओढून त्यात वाकली होती, आणि केसरने कधी न पाहिलेलं हसू तिच्या तोंडावर होतं.

"कूट," ती म्हणाली. "अजून भरड हाय."